करपरेच्या अलीकडं

बोरीच्या फाट्यावर शब्बीरभाईनं जीप थांबवली,
खाली उतरला, चिमूटभर तंबाखू ओली केली
आणि समोरच्या काचेवर चोळली वरून खाली,
बैलाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.
"आता काचेवर पाणी टिकत नाही," म्हणाला.
टिकत होतंच. पण जरा कमी.

भरदुपारी दिवे लावले त्यानं.
मागून कुणी हसलं, बॅटरी फुकट मिळाली का?
"मला दिसावं म्हणून नाही लावले.
मी दिसावा म्हणून."

आम्ही अकरा जण, ढेपेची दोन पोती,
आणि रत्नमाला सोळंकेच्या मांडीवर
टॉवेलात गुंडाळलेले महालक्ष्म्यांचे मुखवटे,
परभणीच्या कासाराकडून उजळून आणलेले.
दिवस मावळायच्या आत थोरली अन् धाकटी
उंबऱ्यातून आत यायला पाहिजे होती.
ती दर मैलाला टॉवेल चाचपत होती
आणि शब्बीरभाईच्या मानेकडं बघत होती.

रस्त्यावर ट्रॅक्टरांनी काळं रान सांडलेलं.
वरून पाऊस. मातीचा साबण झालेला.
तिथं त्यानं ब्रेकवर पाय ठेवलाच नाही,
नुसता अ‍ॅक्सिलेटर सोडला
आणि गाडीला तिचं तिला कळू दिलं.
पुढं उसाचा ट्रक नव्हे, वाळूचा.
त्याच्या मागचं अक्षर मी मोठ्यानं वाचलं.
"वाचता आलं ना," भाई म्हणाला,
"म्हणजे आपण लई जवळ आलो,"
आणि मागं राहिला. अक्षर पुसट होईस्तोवर.

मग करपरा.
फरशीपुलाच्या कडेला चुन्यानं रंगवलेले दगड,
एका अंगाला नऊ.
त्यातले दोन दिसत होते.
पाण्याला भिजलेल्या ढेपेचा रंग,
आणि आवाज म्हणावा तर काहीच नाही.

त्यानं इंजिन बंद केलं.
"कामून थांबला भाई?"
"गुडघ्याएवढंच तर हाय."
"गुडघा कुणाचा?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली,
पाय वर उचलून पोरगं सरळ पाण्यात शिरलं,
मधोमध डुलल्यासारखं झालं, सावरलं,
पलीकडं गेलं आणि हात वर केला.
जीपमधले सगळे शब्बीरभाईकडं बघाय लागले.
त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.
पोरगं तर गेलं होतं.
तेवढा वेळ शब्बीरभाई चूक होता,
आणि चूक असूनही जागचा हलला नाही.
मी त्याच्याकडून गाडी शिकलो ती खरी त्या वेळी.

एक तास गेला. मग अजून एक.
शिव्या संपल्या, शेंगा निघाल्या.
दिवस मावळता मावळता रत्नमालानं
टॉवेल सोडला, कुणाला न विचारता
दोघी बहिणींना डॅशबोर्डवर बसवलं.
कुंकू तिच्याजवळ होतं. हळद ढेपवाल्याच्या बायकोनं दिली.
काचेतून दोघी पाण्याकडं बघत राहिल्या,
आणि आम्ही त्यांच्यामागून, दगड मोजत.
चार. पाच की पाण्याचा फेस?
पाच.

नऊच्या नऊ मोकळे झाले
तेव्हा भाई काठी घेऊन आधी एकटा चालत गेला,
पाऊल टाकून, काठी ठोकून, परत आला.
फरशी साबूत होती. कुठं खड्डा नाही, तडा नाही.
"म्हणजे मघाशीच जाता आलं असतं,"
मागचा म्हणालाच.
"हाव," शब्बीरभाई म्हणाला,
आणि चावी फिरवली.

पलीकडं गेल्यावर फर्लांगभर
तो ब्रेक दाबत-सोडत, दाबत-सोडत राहिला,
ओले झालेत, वाळू दे म्हणाला.
त्या हिसक्यांनी दोघींची नाकं काचेला लागत होती.
रत्नमालानं त्यांना परत मांडीवर घेतलं.

सोळंक्यांच्या दारात कंदील, रांगोळी पुसट,
सासू परातीत पाणी घेऊन ताटकळलेली.
रागावली असेल, पण रीत ती रीत.
तिनं विचारलं,
"महालक्ष्मी आली. कशाच्या पावलांनी आली?"
सोन्याच्या म्हणायचं असतं. नाहीतर रुप्याच्या.
रत्नमाला जीपकडं वळून बघत म्हणाली,
"फस्ट गेरानं, आत्याबाई.
फस्ट गेरानं आली."